त्या गाण्यातली ढोलकी

माझे वडील, म्हणजे आमचे नान्ना, बोलण्यात मीठमसाला जरा सढळ हातानं घालतात. त्यामुळे "त्याच्या पहिल्या गाण्यात ढोलकी मीच वाजवलो की," हे त्यांचं पालुपद मी लहानपणापासून या कानानं ऐकून त्या कानानं सोडत आले. 'तो' म्हणजे आज ज्याच्या गाण्यांवर अख्खा महाराष्ट्र डोलतो तो गायक. सोलापूरच्या भवानी पेठेत चादरीचे माग चालवणाऱ्या माणसाशी त्याची गाठ कशी पडणार? बरं, घरात कधी ढोलकीही नव्हती. विचारलं की म्हणायचे, "दोस्ताची होती." सोयीचंच उत्तर!

गेल्या महिन्यात त्या गायकाचा कार्यक्रम सोलापुरात ठरला आणि नान्नांनी पांढरा शर्ट इस्त्रीला दिला. "स्टेजच्या मागं जाऊन भेटतो. मला बघून उठून उभा राहतो की नाही बघ." दारावरूनच कुणी हाकलून दिलं तर? चारचौघांत माझ्या बापाचं हसं झालेलं मला सहन झालं नसतं. थाप असेल तर ती घरातच उघडी पडू दे, म्हणून मी ते गाणं शोधायला बसले.

जुन्या कॅसेटी इंटरनेटवर टाकणाऱ्या कुणाकडं तरी ते सापडलं. मी नान्नांना शेजारी बसवलं आणि त्यांचा चेहरा उतरतो का, हे चोरून बघत राहिले. उतरला नाही. मुरलेला थापाड्या, मी मनात म्हटलं.

गाणं मात्र फार गोड निघालं. आवाज कोवळा, आजची सफाई कुठंच नाही. अंतऱ्यात तो उतावीळपणे ताल सोडून पुढं पळतो, श्वास पुरत नाही, आणि ढोलकी त्याला हळूच धरून जागेवर आणते. त्याच्या आजच्या कुठल्याही गाण्यापेक्षा मला हे आवडलं. पण ढोलकी काय, कुणीही वाजवली असेल.

"सुरवात ऐक की नीट," नान्ना म्हणाले.

मी आवाज वाढवून पुन्हा लावलं. सूर लागण्याआधी कुणीतरी मोजत होतं, "ओकटी, रेंडू, मूडू, नालगू." मराठी गाण्याच्या तोंडाशी तेलुगू आकडे! आम्ही तेलुगू विणकर बाहेर कितीही मराठी बोललो तरी मोजायला लागलं की तेलुगूच तोंडात येतं. ते मोजणं कापायचं कुणाच्या लक्षातच आलं नव्हतं. आणि आवाज नान्नांचा होता.

"पटलं का आता?"

मी मान हलवली. त्या मोजण्यात दाबून धरलेलं हसू होतं. नान्नांना मी मागावर वाकलेलं पाहिलंय, दमून चिडलेलं पाहिलंय. इतक्या खुशीत मोजणारा माणूस आमच्या घरात कधी आलाच नव्हता. त्या गायकाचा मला भयंकर हेवा वाटला.

"मी पण येते तुमच्यासोबत," मी म्हणाले. माझा बाप तेव्हा कसा होता, हे मला त्या गायकाला विचारायचं होतं.