पंचफुलाबाईचा कागद

पंचफुलाबाईला मी हसताना पाहिलं ते फार तर दोनतीनदा. एरवी ती चिडलेलीच असे. लोक म्हणत, बाईची जीभ तिखट आहे. मला त्या लोकांचा राग येतो. तिच्या जागी दुसरं कोणी असतं तर नुसतं चिडून थांबलं नसतं.

तिची माझी गाठ पडली ती एकोणीसशे साठच्या जूनमध्ये. भिलाईच्या पोलाद कारखान्याच्या ट्रेनिंगच्या परीक्षेसाठी मी पवनीहून निघालो आणि दुपारी दुर्ग स्टेशनवर उतरलो. भिलाई तेव्हा उभी राहत होती. लाल धूळ, अर्ध्या बांधलेल्या क्वार्टरांच्या रांगा, रशियन इंजिनियरांच्या जीपा आणि मुलुखामुलुखातून आलेली माणसं. पैसे देऊन राहायची सोय मात्र दुर्गातच होती. जुन्या बाजारातल्या एका लॉजमध्ये मी शिरलो. मॅनेजरने रजिस्टर उघडलं, नाव लिहिलं, गाव लिहिलं आणि आडनावापाशी पेन थांबवलं. "कौन लोग?" मी म्हणालो, "बौद्ध." त्याने पेनला टोपण लावलं. "जगह नहीं है." त्याच्या मागे भिंतीवर सात खोल्यांच्या किल्ल्या लटकत होत्या. मी मोजल्या. आजही ते आठवलं की कानशिलं तापतात.

स्टेशनच्या नळावर तोंड धुताना रेल्वेतले गुलाबराव भेटले. नागपूरकडचे, पॉइंट्समन. माझी वळकटी पाहून त्यांनी ओळखलं.

"परीक्षेले आला न? जय भीम. लॉजच्या भानगडीत पडू नको. ट्रक पकड अन् रुआबांध्याले पंचफुलाबाईकडे जा."

कारखान्याजवळच्या रुआबांधा गावाच्या कडेला मजुरांच्या वस्तीत पत्र्याच्या दोन खोल्या. दारात एक काळी, उंच बाई हातात उलथनं घेऊन उभी होती. मी नाव सांगायला तोंड उघडलं.

"नाव मंग सांगजो. जेवला का?"

लाखोळीचं वरण, भात, जवसाची चटणी. आठदहा पोरं पंगतीत बसली होती, त्यांच्यात मला बसवलं. सकाळपासून पोटात काही नव्हतं, त्यामुळे मी हावऱ्यासारखा जेवलो. जेवण झालं, उठलो, ताट उचललं, बाहेर ड्रमपाशी राखेने घासलं आणि दाराबाहेर भिंतीला टेकवून पालथं ठेवलं. यात मी काही विचार केला नव्हता. गावात मालकाच्या अंगणात, चहाच्या दुकानात, जन्मापासून हेच केलेलं होतं. आपलं भांडं आपण धुवायचं आणि घराबाहेर ठेवायचं.

"हे ताट कोनं ठेवलं बाहेर?"

मी म्हणालो, "मी, बाई."

"कावून?"

मी वळून ताटाकडे बघितलं.

"मालकाचं घर वाटलं का तुले हे? उचल ते. आत आन, माया ताटाइत ठेव. या घरात ज्याची पाळी असन तो सगळ्याइचे ताटं घासते. आपलं एकट्याचं ताट जो घासन त्याच्या हातावर हे उलथनं पडन. समजलं?"

समजलं. मी एकवीस वर्षांचा होतो आणि मला रडू येत होतं. ते लपवायला मी सगळ्यांचीच ताटं घासली. माझं सिलेक्शन झालं, ट्रेनिंग सुरू झालं, हॉस्टेलमध्ये जागा मिळाली. तरी एक वेळचं जेवण मी तिच्याकडेच ठेवलं.

तिच्या रागाचं मूळ मला तिच्या नवऱ्याने सांगितलं. देवराव कारखान्यात खलाशी होते, क्रेनला लोखंड बांधायचं काम, आणि घरी शब्दही जपून वापरणारे. ही गोष्ट त्यांनी एकदाच सांगितली, बायको पाण्याला गेली असताना.

सत्तावन्न साली पंचफुलाबाईचे वडील टिकारामजी आपल्या धाकट्या पोराला, पुंडलिकला, याच परीक्षेसाठी घेऊन आले. पोरगा मॅट्रिक झालेला, घराण्यातला पहिलाच. पंचफुलाबाईने सकाळपासून रांधून ठेवलं होतं. म्हातारा दारापर्यंत आला आणि बाहेरच्या दगडावर बसला. पोरीला मूल झाल्याशिवाय बापाने तिच्या घरचं पाणी प्यायचं नाही, असा रिवाज. लग्नाला सात वर्षं झाली होती आणि मूल नव्हतं. हे तेच टिकारामजी, ज्यांनी वर्षापूर्वी नागपूरला जाऊन दीक्षा घेतली होती आणि परत आल्यावर घरातले सगळे देव वैनगंगेत सोडले होते. देव गेले, पण हा रिवाज त्यांनी जपून ठेवला.

पंचफुलाबाई त्या दिवशी काही बोलली नाही. बापापुढे बोलायचं नाही, हा तिचा रिवाज. बापलेक दुर्गाला परत गेले, आणि लॉजवाल्याने पुढे जे माझं केलं तेच त्यांचं केलं. खानावळवाल्याने बाहेर बसायला सांगितलं. दोघं उपाशीच प्लॅटफॉर्मवर पडले, तिथूनही शिपायाने उठवलं. सकाळी ट्रक मिळेना. सातआठ मैल चालत आले तोवर परीक्षेचं दार बंद झालं होतं. तिच्या घरापासून ते दार मैलभरावर.

पुंडलिक गावी परतला आणि तुमसरकडे मँगनीजच्या खदानीत लागला. त्यानंतर त्याने भिलाईचं नाव काढलं नाही. आणि पंचफुलाबाईने चूल मोठी केली. परीक्षेला येईल त्याला जेवण आणि झोपायला जागा, आडनाव न विचारता. तिचा राग लॉजवाल्यावर होता, बापावर होता, पण सगळ्यात जास्त त्या दिवशी गप्प बसलेल्या पंचफुलावर होता. हे शेवटचं देवराव म्हणाले नाहीत, मी म्हणतो.

एकसष्टच्या मार्चमध्ये तिने मला समोर बसवलं. "शेषराव, तुयं अक्षर चांगलं हाय. एक कागद लिव. पोट्टे इथी येऊन भटकून राहिले. त्याइले गाडीत बसायच्या आंधीच मालूम पाह्यजे." तिला लिहिता येत नव्हतं. ती सांगत गेली आणि मी जमेल तसं नीट करून लिहीत गेलो.

'दुर्गला उतरल्यावर जुन्या बाजारात जाऊ नये. तिथल्या लॉजवर आडनाव विचारतात. खानावळीत बाहेर बसवतात. स्टेशनसमोर पिंपळाखाली एक छत्तीसगढी म्हातारी चहा आणि मुर्रा म्हणजे मुरमुरे विकते, ती काही विचारत नाही. तिथे खावं. मग ट्रकने रुआबांध्याला येऊन पंचफुलाचं घर विचारावं. आल्याबरोबर जेवावं, लवकर झोपावं. गाव पाहायचं ते परीक्षा झाल्यावर. संध्याकाळी भट्टीतून लोखंड सोडतात तेव्हा आभाळ लाल होतं, ते लांबून पाहावं. शिवनाथ नदीवर जावं. दोन्हीकडे आडनाव लागत नाही.'

शेवटचं वाक्य सांगताना ती थांबली आणि मग एका दमात म्हणाली, "लिव. संगं बाप असन अन् तो रिवाज सांगन, त बापाचं आयकू नये."

"बाई, हेही लिहू?"

"हेच लिवाले बसवलं तुले."

मी साठेक कागद लिहिले. गुलाबराव आणि त्यांच्या रेल्वेतल्या माणसांनी ते गोंदिया, तुमसर रोड, भंडारा रोडपर्यंत पोचवले. आमच्या लोकांच्या वस्त्यांमध्ये, शाळांमध्ये पोरं ते उतरवून घेत.

बासष्टच्या जूनमध्ये एका दुपारी दारात दोन माणसं उभी राहिली. पुढे रापलेला, रुंद हातांचा तरुण. त्याच्या खिशात माझ्या अक्षरातला कागद होता. मागे काठी टेकत एक म्हातारा. मी ओळखलं नाही, पण पंचफुलाबाईच्या हातातलं पीठ तसंच राहिलं.

पुंडलिकची ही शेवटची संधी होती. या वर्षानंतर वय उलटणार होतं. कागद वाचून तो आपणहून निघाला होता आणि म्हातारा मागे लागून आला होता.

टिकारामजी त्याच दगडावर बसले. पंचफुलाबाईने तांब्या पुढे केला. त्यांनी मान हलवली.

"तुले मालूम हाय, बाई. रिवाज हाय."

मग पोराकडे वळून म्हणाले, "पुंडलिक, चाल. स्टेशनवर निजू. पहाटेच निघू या खेपेले."

पुंडलिक दारात अडकल्यासारखा उभा. खदानीत पाच वर्षं काढलेला माणूस, पण बापापुढे मान खाली.

"पुंडलिक, आत बस," पंचफुलाबाई म्हणाली.

"तो माया पोरगा हाय," म्हातारा म्हणाला.

"मागच्या टायमालेबी तुमचाच होता."

तिने तांब्या खाली आपटला आणि पाच वर्षं आवळून धरलेलं सगळं बाहेर आलं.

"दीक्षा घेतली तुमी. घरचे देव वैनगंगेत टाकले. मंग हे कावून ठेवलं? तो लॉजवाला आडनाव पाह्यते अन् जागा नाई म्हनते. तुमी माहं पोट पाह्यता अन् पानी नाई म्हनता. दोघाइत फरक का हाय, सांगा मले! पोर पाह्यजे न तुमाले? आत अकरा पोट्टे जेवून राहिले. या, मोजा!"

म्हातारा उठला. काठी टेकत रस्त्याला लागला. पुंडलिकने पाऊल उचललं, तर ती दारात आडवी झाली. "तू जेव." तो बसला. मग माझ्याकडे न पाहता ती म्हणाली, "जा त्याच्या मांगं. ट्रकखाली येईन म्हातारा."

फर्लांगभर गेल्यावर टिकारामजी बाभळीखाली टेकले. सकाळपासून घशाखाली पाण्याचा थेंब नव्हता. मला म्हणाले, "त्या कागदावर का लिवलं हाय? पुंडलिक वाचून दाखवत नाई."

कागद मला तोंडपाठ होता. मी म्हणत गेलो. नदीपर्यंत आलो आणि थांबलो.

"बस, इतकंच?"

मलाही राग होताच. मी शेवटचं वाक्य म्हटलं.

"किती कागद वाटले?"

"साठेक. पण तुमचं नाव कुठेच नाही."

"मले त मालूम हाय न कोनाचं हाय," ते म्हणाले आणि काठीवर भार देऊन उठले. मला वाटलं दुर्गाकडे निघाले. ते वळले रुआबांध्याकडे.

दारात आले, कोणाकडे न बघता आत शिरले, माठात आपल्या हाताने गडवा बुडवला आणि उभ्याउभ्या पाणी प्याले. दोन गडवे. मग पोराशेजारी पंगतीत बसले. पंचफुलाबाईने वाढलं.

जेवण झालं आणि म्हाताऱ्याने ताट उचललं. आम्हा अकरा जणांना पुढचं ठाऊक होतं, पण सांगायची हिंमत एकाचीही झाली नाही. त्यांनी बाहेर जाऊन ताट राखेने घासलं, दोनदा धुतलं, आणि दाराबाहेर भिंतीला टेकवून पालथं ठेवलं. पोटच्या पोरीच्या घरी.

पंचफुलाबाई उलथनं घेऊनच बाहेर आली. ताट पाहिलं. उलथनं तिच्या हातातून गळून पडलं.

"बाबा!" ती ओरडली. "मालकाचं घर नाई हे! तुमच्या पोरीचं हाय!"

"हात गेला, बाई," टिकारामजी म्हणाले. "आपोआप गेला."

तिने ताट छातीशी धरलं आणि आत येऊन आपल्या ताटांत ठेवलं. रडत होती आणि रडता रडता गावच्या मालकाला, लॉजवाल्याला, बापाला, सगळ्यांना शिव्या देत होती.

दुसऱ्या दिवशी साडेसातला मी पुंडलिकला परीक्षेच्या दारात नेऊन उभं केलं. रांगेत तो पहिला होता. महिन्याभराने यादी लागली, तिच्यात त्याचं नाव होतं. टिकारामजी पेढे घेऊन आले, घरात येऊन बसले आणि पोरीला म्हणाले, "आता त हास."

"पाच वर्सं खदानीत गेले त्याचे," ती म्हणाली. "ते कोनाले मागू? लॉजवाल्याले का तुमाले?"

पेढ्याचा पुडा तिने पोरांकडे सरकवला.

पुढच्या परीक्षेसाठी कागद नव्याने लिहायचे होते. मी लेखणी घेऊन बसलो आणि हळूच विचारलं, "बाई, ते शेवटचं वाक्य आता काढू?"

टिकारामजी तिथेच भिंतीला टेकून बसले होते. तिने एकदा त्यांच्याकडे पाहिलं.

"राहू दे," ती म्हणाली. "अजून लय बाप येनार हायेत."