तान्ह्या पोळ्याला आलेला वाढदिवस

आमच्या लेकीचा सहावा वाढदिवस नेमका तान्ह्या पोळ्याला आला, यात माझा काहीही दोष नाही. असलाच तर कॅलेंडरचा. पण त्या दिवशी जो तमाशा झाला, त्यातला निम्मा माझ्या डोक्यावर येतो हे मला कबूल करावं लागेल, कारण त्या बारा पिशव्या दाराजवळच्या टीपॉयवर मीच ठेवल्या होत्या.

ज्यांना माहीत नाही त्यांच्यासाठी सांगते. मोठ्या बैलांचा पोळा झाला की दुसऱ्या दिवशी आमच्या सौंसरात पोरासोरांचा पोळा. लाकडाचा नंदी सजवायचा, त्याला दोरी बांधायची आणि ओढत घरोघर न्यायचा. दारात नंदी आला की घरची बाई त्याला कुंकू लावते, ओवाळते आणि पोराच्या हातात काहीतरी ठेवते. गोळी, बिस्कीट, केळं, ज्याच्या घरी जे असेल ते. त्याला म्हणायचं बोजारा. बोजारा न देता नंदी परत पाठवायचा नाही, हा नियम माझ्या सासूबाईंपुढे सरकारनेसुद्धा मोडू नये.

आता मुख्य भानगड. पंधरा दिवसांपूर्वी लेकीची शाळेत कट्टी झाली. एकुलती एक मैत्रीण, याच वर्षी रामाकोन्याहून सौंसरला राहायला आलेली, आमच्यापासून दोन गल्ल्या सोडून. भांडण रंगाच्या खडूवरून. आणि आमच्या लेकीनं सगळ्या पोरांचं ते ठेवणीतलं शस्त्र काढलं: "माह्या बड्डेले तुले नाई बोलवत!" तिकडून उत्तर आलं, "नको बोलवू." आणि मैत्रीण उठून दुसऱ्या बाकावर जाऊन बसली. बस्स. त्या दिवसापासून आमच्या घरात सुतक. पोरगी धड जेवेना, खेळेना, पण जाऊन सॉरी म्हण म्हटलं तर मान फिरवून बसायची. माझीच लेक ती, कोणाला बोलू?

शेवटी मीच त्या मुलीच्या आईला फोन केला. ती बिचारी म्हणाली, "ताई, मी सांगून पाह्यलं तिले. पन थे म्हनते, तिनं नाई बोलवलं, तिच्या मम्मीनं बोलवलं. मी नाई जात." सहा वर्षांची पोट्टी, पण मुद्दा वकिलाचा. म्हणून सांगते, केक, फुगे, पाहुणे हे सगळं बाकीच्यांसाठी. आमच्या घरी सगळा जीव एकाच गोष्टीत अडकलेला होता, ती पोरगी येते का नाही.

खाण्याची मीटिंग आमच्या स्वयंपाकघरात झाली. तान्ह्या पोळ्याच्याच दिवशी कर असते, म्हणजे घरोघर मटण. नवरा म्हणाला, "लेकरायले आलुबोंडे करा, मोठ्यायले रस्सा."

मी म्हटलं, "मोठ्यांना बोलावलं कोणी?"

"बोलावलं नाई. पन येतीन न!"

लेकीला पास्ता हवा होता. सासूबाईंनी पास्ता हातात घेऊन उलटसुलट पाहिला आणि विचारलं, "हे वाळू घातलं कोनं?" केक नवऱ्याने पांढुर्ण्याला सांगून ठेवला होता, कारण तिथला केकवाला त्याचा शाळेतला दोस्त. कराच्या दिवशी पांढुर्ण्याला गोटमार, म्हणजे दोन गावांची दगडफेकीची जत्रा, तिथे दुकान उघडं मिळणार नाही, हे या माणसाला आदल्या दिवशी दुपारी आठवलं. मग पोळ्याच्या ऐन गर्दीत मोटरसायकलवर जाऊन केक आणला. तो रात्रभर फ्रीजमध्ये पुरणाच्या पातेल्याशेजारी बसला. चव पुढे तशीच लागली, पण ते असो.

पिशव्यांचं खातं माझं. मी मेडिकलच्या दुकानात काम करते, तेव्हा ज्याचं त्यालाच गेलं पाहिजे ही माझी सवय आहे, आणि सवय कसली, खोड आहे. दुकानातल्या खाकी कागदी पिशव्या आणल्या. पाहुणे बारा, पिशव्या बारा, प्रत्येकीवर नाव. आत पेन्सिल, रबर, चॉकलेट, फुगा, आणि एक वस्तू त्या त्या पोराच्या स्वभावाप्रमाणे. ती वस्तू लेक सांगणार. "याले रबराची पाल. हा सगळ्यायले भेवाडते, याले भेवाडू दे." "हिले आरसा. हे दिवसभर पाहतच राह्यते."

बारावी पिशवी तिने मला भरू दिली नाही. कपाटातून स्वतःच्या नव्या फुलपाखराच्या क्लिपा काढल्या, नागपूरहून आणलेल्या, अजून पुठ्ठ्यावरून न काढलेल्या. मी म्हटलं, "अगं, या तुला किती आवडतात!" ती म्हणाली, "म्हनूनच न." मग एक चित्र काढलं. दोन पोरी हातात हात घेऊन. वर आपल्या हाताने वाकडंतिकडं मैत्रिणीचं नाव लिहिलं, आणि तिथे मला हातसुद्धा लावू दिला नाही. माझ्या डोळ्यांत पाणी आलं, खोटं कशाला बोलू.

स्वयंपाकघरात मटणाचा वास लागेल म्हणून पिशव्या मी बाहेरच्या खोलीत टीपॉयवर ओळीने मांडल्या. बोजाऱ्यासाठी गोळ्यांचा डबा वेगळा काढून सासूबाईंच्या हातात दिला. आणि लेकीला घेऊन केस कापायला आणि फुगे आणायला बाजारात गेले. परत आले बारा वाजता. टीपॉय रिकामा. सासूबाई दारात खुर्ची टाकून बसलेल्या, तोंडावर असा आनंद की निवडून आल्या असाव्यात.

"काय मोठा बोजारा केला वो तुनं!" मला पाहताच म्हणाल्या. "गल्लीत नाव झालं आपलं!"

मी रिकाम्या टीपॉयकडे बोट केलं. "आई, पिशव्या?"

"वाटल्या न. नंदी घेऊन आलते लेकरं. बारायले पुरल्या, बाकीच्यायले केळं देल्लं."

"आई, त्याच्यावर नावं होते लिहिलेले!"

"मले वाटलं दुकानाचं होय. तुह्या दुकानच्या पिशव्यायवर काई न काई लिवलंच असते."

"अन् गोळ्यांचा डबा?"

"थे गोळ्या?" त्या खरोखर दुखावल्या. "तू इतक्या हौसेनं पिशव्या भरल्या अन् मी वर्षाच्या सनाले गोळ्या वाटू? चांगलं दिसते काय?"

आता या बाईवर चिडायचं तरी कसं? माझंच कौतुक करून राहिली होती. तरी मी चिडलेच. काय काय बोलले ते इथे लिहीत नाही. लेक मात्र लगेच रडली नाही. टीपॉयखाली वाकून पाहिलं, सोफ्याच्या मागे पाहिलं, आणि आजीला एवढंच विचारलं, "आजी, तिची पिशवी कोनाले देल्ली?" सासूबाईंना सांगता येईना. मग ती अशी रडली की शेजारच्या बाई हातातली उलथणी घेऊनच धावत आल्या.

मी स्कूटी काढली. गल्लीत जाऊन बाराच्या बारा परत आणते, असा माझा आव. पहिल्याच घरी बाई हात धरून म्हणाल्या, "ताई, किती छान बोजारा! आमच्याकडे तं खोबऱ्याचा तुकडा देतो आम्ही." आत त्यांचा लेक चॉकलेट संपवून फुगा फुगवत होता. आता त्या बाईला मी काय म्हणू, तुमच्या पोराच्या तोंडातलं द्या? "आवडलं ना?" असं विचारून आले. दुसऱ्या घरी पोरगं पेन्सिल नंदीच्या शिंगाला बांधून फिरत होतं. तिसऱ्या घरी पाल निघाली. तिथल्या आजोबांना पाणी पाजून बसवलं होतं. क्लिपांचा पत्ता कुठेच नाही. मी रिकाम्या हाताने घरी आले.

सासूबाई तेवढ्यात विचार करून बसल्या होत्या. म्हणाल्या, "पोट्टीचा नंदी काढ."

"आई, आता नंदी कायले?"

"अवो, आजचा दिवस तिचाबी आहे न! ने तिले घरोघर. जे भेटन थे पिशव्यायत भर."

म्हणजे वाढदिवसाला येणाऱ्या पोरांना द्यायच्या वस्तू आधीच्या चार तासांत गल्लीतून मागून आणायच्या! मी साफ नाही म्हटलं. आणि दहाव्या मिनिटाला मी, लेक आणि चाकं करकरणारा नंदी असे तिघं रस्त्यावर होतो. नंदी पुढे, रडून डोळे सुजलेली लेक मध्ये, आणि तोंड लपवत कापडी थैली धरलेली मी मागे. लोकांनी काय दिलं म्हणता! बिस्किटांचे पुडे, खारका, प्लास्टिकच्या बांगड्या, संत्र्याच्या गोळ्या, एका घरी चक्क कंगवा. एका घरच्या बाईंनी नंदीला ओवाळलं आणि लेकीच्या हातात खाकी कागदाची बंद पिशवी ठेवली. आमचीच! त्यांच्या नातवाने रबर काढून घेतलं होतं आणि त्यांनी बाकीचा माल पुढे सरकवला होता. मी "थँक्यू" म्हणून घेतली. करता काय?

चारपर्यंत अकरा नव्या पिशव्या भरल्या. बाराव्या पिशवीला लेकीने हात लावू दिला नाही. "क्लिपा नाई तं नको करू," म्हणाली.

पाचला पोरं आली. बारा बोलावलेली, त्यातली अकरा, आणि न बोलावलेली किती ते मोजायला मी थांबले नाही. आलुबोंडे कढईतून काढताच संपत होते. पास्ता कोणी खाल्ला नाही, अखेर तो नवऱ्याच्या दोस्तांनी रश्श्यात बुडवून खाल्ला आणि बेस आहे म्हणाले. सहा वाजले. मेणबत्त्या लावल्या, आणि लेक सुरी हातात धरून उभीच्या उभी. "थे आल्यावर," एवढंच म्हणे. पोरं केकमध्ये बोटं घालायला लागली. नवरा म्हणाला, "बाप्पा, काप न आता!" ती दाराकडे पाहत होती. मला इतकं वाईट वाटलं, की त्या दुसऱ्या पोरीला उचलूनच आणावं.

सासूबाईंनी विचारलं, "कोन पोट्टी होय थे? कशी दिसते?"

मी म्हटलं, "सावळी, दोन वेण्या, समोरचे दोन दात पडलेले."

सासूबाईंचा आवाजच उतरला. या बाईंचा उतरलेला आवाज मी लग्नानंतर दोनदाच ऐकला आहे. म्हणाल्या, "थे तं आलती सकाळी."

"काय?"

"नंदी घेऊन आलती. आत वाकून वाकून पाहे. मी पिशवी देल्ली, चाल म्हटलं. तं घटकाभरानं पुन्हा आली, नंदी नाई न काई नाई, पिशवी तशीच हातात. मले वाटलं, अजून मांगायले आली. म्या रागावलं तिले. एकदा भेटलं न, म्हटलं, हावरी कुठची."

मागे, ज्याच्यासाठी पाल घेतली होती तो पोरगा केक चाटत होता. सासूबाईंनी पदर डोक्यावर घेतला, नातीचा हात धरला आणि चपला घातल्या. गुडघ्यांमुळे ज्या बाई देवळातसुद्धा ऑटोने जातात, त्या दोन गल्ल्या ताडताड चालत गेल्या. मी मागे पळतेय.

मैत्रीण दारातच पायरीवर बसली होती. शेजारी नंदी आणि ती खाकी पिशवी, न उघडलेली. आम्हाला पाहून उठली आणि पिशवी आजीपुढे धरली. "हे माही नाई," म्हणाली. "याच्यावर दुसऱ्याचं नाव आहे. वापस द्यायले आलती मी." मग माझ्या लेकीकडे न पाहता म्हणाली, "माह्या नावाची नवतीच न तुमच्या घरी."

पोरगी दिवसभर हे घेऊन बसली होती. सासूबाई त्या सहा वर्षांच्या पोरीपुढे वाकल्या, तिचे दोन्ही गाल हातात धरले. "चुकलं माय माहं," म्हणाल्या. "होती तुह्या नावाची. म्या वाटून टाकली. मी बुढी, मले काई समजत नाई."

पोरीचा विश्वास बसला नाही. तिने पहिल्यांदाच लेकीकडे पाहिलं. "खरंच होती?"

"हो न."

"काय होतं तिच्यात?"

लेकीने बोटं मोजली. "पेन्सिल. रबर. चॉकलेट. फुगा. माह्या फुलपाखराच्या क्लिपा, नागपूरच्या. अन् चित्र. त्याच्यात तू मोठी होती अन् मी लहान."

मैत्रिणीने नीट ऐकलं. चपला घातल्या, उलट्या पायांत. माझ्या लेकीचा हात धरला आणि म्हणाली, "पुन्हा सांग."

लेक पुन्हा सांगायला लागली. दोघी पुढे, सासूबाई आणि मी मागे. वळणावर पिशवीत दोन चॉकलेटं झाली होती. किराणा दुकानापर्यंत बाहुली आली, मग बाहुलीचा पलंग. मैत्रीण प्रत्येक वस्तूला "अन् अजून?" म्हणायची. आमचं घर येईपर्यंत त्या पिशवीत सायकलसुद्धा होती.