वाऱ्याला अडथळा

आमच्या घरात वाहन म्हणायला एक स्कूटर आहे आणि ती उतारावर उत्तम चालते.

अशा घरात माझ्या बायकोला, सुषमाला, मोटारींच्या शर्यतींचं वेड कुठून लागलं ते मला ठाऊक नाही. (माहेरून तर नक्कीच नाही. तिच्या वडिलांकडे सायकल होती आणि तीही ते हातात धरून चालवायचे.) पण शर्यत असली की आमच्या विरारच्या चंदनसारमधल्या फ्लॅटमध्ये पापड भाजायलाही बंदी! आवाजाने लक्ष विचलित होतं म्हणे. मी एकदाच विचारलं, "अगं, या गाड्या इतक्या चपट्या का?"

"वारा अडला की वेग गेला," ती टीव्हीवरची नजर न हलवता म्हणाली. "समोरून येणारा वारा अंगावरून सुळकन निघून गेला पाहिजे. कळलं?"

मी मान हलवली. मला कळलं नव्हतं.

तर चेन्नईला मोटारींची मोठी शर्यत आहे, अशी बातमी आली. लग्नाला इतकी वर्षं झाली, पण सुषमाने हट्ट असा कधी केला नव्हता. या वेळी ती फक्त एवढंच म्हणाली, "एकदा तरी तो आवाज कानांनी ऐकायचाय हो, टीव्हीतून नको." मी ताडकन उठलो, छातीवर हात ठेवला आणि घोषणा केली, "तू बॅग भर. बाकी सगळं नियोजन माझ्यावर सोड!"

सगळा घोळ या शेवटच्या वाक्यात आहे.

तिकिटं काही मिळेनात. मोबाइलवर ते चाक नुसतं गोल गोल फिरत राहायचं. शेजारी बसून आई जप करत होती. माझी घालमेल तिला पाहवली नाही. तिने डोळे मिटले, हात जोडले. पुढच्याच क्षणी तिकिटं हातात! दोन! मी नाचलो. आईही समाधानाने म्हणाली, "पावला हो बालाजी. मी नवसच बोलले होते."

"काय बोललीस?"

"तिकिटं मिळाली तर माझा विलास तिरुपतीला येऊन केस देईल."

"आई, केस माझे आहेत!"

"माझे द्यायचे या वयात? आणि तुझे तरी कुठे फार राहिलेत?"

देवाला दिलेला शब्द मोडायचा कसा? आणि तिरुपती तर चेन्नईच्या वाटेवरच! शनिवारी केस, रविवारी शर्यत. मी सुषमाला हे सांगितलं तेव्हा ती नुसती "बरं" म्हणाली. ('बरं' या शब्दाला घाबरायचं असतं, हे नवऱ्यांना कुणीतरी शिकवायला हवं.)

एवढ्यावर थांबलं असतं तरी ठीक. पण जवळच्याच गास गावात राहणाऱ्या मामांच्या कानावर गेलं.

"भाचेबुवा, एवढं लांब जाताच आहात, तर मी आणि मामीही येतो," मामा म्हणाले. "मिनीबस करू. माझ्या ओळखीतला ड्रायव्हर आहे."

"मामा, पण आम्ही शर्यतीला..."

"शर्यत काय, मी किती बैलगाड्यांच्या पाहिल्यात! शेवटाला उभं राहायचं, बास. आणि एवढं लांब जातोच आहोत, तर येताना रामेश्वर करू."

मिनीबस म्हटल्यावर सीटा रिकाम्या कशा न्यायच्या? समोरच्या सावंतकाकू म्हणाल्या, "कांचीपुरम तिथेच ना? एवढं लांब जाताच आहात तर दोन साड्या आणेन म्हणते." काकूंच्या मागून त्यांची भजनी मंडळी आली. मी प्रत्येकाला अगदी ठामपणे नाही म्हणायला जायचो आणि "खिडकीची सीट देतो" असं सांगून परत यायचो. आठवड्याभरात आमच्या शर्यतीच्या सहलीचं रूपांतर दक्षिण दर्शनात झालं. बसच्या काचेवर मामांनी आपल्या यात्रेचा फलक लावला. त्यात सगळी देवस्थानं होती. शर्यत मात्र नव्हती.

"जागा संपली," मामा म्हणाले.

निघताना मामांनी आपल्या वाडीतल्या कच्च्या केळ्यांचा एक भलामोठा घड बसमध्ये टांगला. "चेन्नईपर्यंत बरोबर पिकतील!" ती सोलापूरलाच पिकली. त्यानंतर प्रत्येक वळणावर मागच्या सीटवरून "अगं बाई, पडलं!" असा आवाज यायचा. चहा, भजन, आणि कुणाचं ना कुणाचं "जरा थांबवा हो!" यांतून बस तिरुपतीला पोचली तेव्हा शनिवारची संध्याकाळ झाली होती. माझे केस तत्काळ घेतले गेले. त्या कामाला मात्र अजिबात वेळ लागला नाही!

रविवारी सकाळी दर्शनाच्या रांगेपाशी मामा चौकशी करून आले. "फार गर्दी आहे. संध्याकाळ होईल म्हणतात."

संध्याकाळी तर शर्यत! मी आईकडे पाहिलं.

"केस देऊन दर्शन न घेता जाणार?" आई म्हणाली. "नवस अर्धा सोडतात होय रे?"

मी सुषमाकडे वळलो. चेहरा शक्य तितका केविलवाणा केला. (डोक्यावर केस नसल्याने तो आपोआपच तसा झाला होता.) "सुषमा, आपण पुढच्या वर्षी..."

तिने हात पुढे केला. "तुमचं तिकीट द्या."

"आणि मी?"

"नवस तुमचा, शर्यत माझी. चेन्नईची बस अर्ध्या तासात सुटते. मी काल रात्रीच विचारून ठेवलंय."

"पण माझ्या तिकिटावर कोण येणार?"

सावंतकाकू पदर खोचून, पिशवी काखेत मारून तयारच होत्या. "बालाजीला मी चारदा येऊन गेलेय हो. शर्यत कुठे पाहिलीय?"

"काकू, तुमच्या साड्या?"

"साड्या काय, विरारलाही मिळतात!"

आणि दोघी गेल्या. मी आईचा हात धरून रांगेत उभा राहिलो. आत मोबाइल नेता येत नाही. त्यामुळे तिकडे कोण पुढे, कोण मागे, काही कळत नव्हतं. इकडे मात्र सगळं स्पष्ट होतं. सगळे पुढे होते आणि मी मागे.

दुसऱ्या दिवशी चेन्नईत त्या दोघी आमच्या मिनीबसमध्ये चढल्या. सुषमाचा घसा बसला होता, नाक उन्हाने लाल झालं होतं आणि डोळे असे चमकत होते, की मी लग्नातही तसे पाहिले नव्हते. "अहो, तो आवाज! छातीत वाजतो हो!" एवढंच ती कशीबशी बोलली. बाकी सगळं सावंतकाकूंनी रामेश्वरपर्यंत सांगितलं. टायर किती वेळात बदलतात, वळणावर आतल्या बाजूने का घुसायचं... एका वळणावर तर त्यांनी आमच्या ड्रायव्हरला सूचनाही केली!

मी प्रसादाचा लाडू खात होतो. सुषमा शेजारी येऊन बसली. तिने माझ्या कपाळावरून मानेपर्यंत सावकाश हात फिरवला आणि बसलेल्या आवाजात म्हणाली, "काय आकार साधलाय! वाऱ्याला अडथळा म्हणून काही ठेवलंच नाहीत."

आता चंदनसारला कुणी भेटलं की विचारतं, "काय विलासराव, शर्यत पाहिलीत का?" पाहिली नाही. पण त्या सबंध मिनीबसमधून शर्यतीला लायक होऊन परतलेला मी एकटाच. तरी बघा, स्कूटरचा वेग काही वाढला नाही!