मामाच्या कानाला पटलेली बाई

माझा मामा जुने सोफे आणि खुर्च्या नव्याने मढवून देतो. पुढच्या खोलीत त्याचं दुकान, मागे स्वयंपाकघर, आणि मधलं दार सदा उघडं. मामाचे हात सकाळपासून कामात गुंतलेले, पण कान रिकामे. त्या रिकाम्या कानांची सोय मामीने लग्नानंतर लगेचच लावून टाकली. दुपारचं आवरलं की ती एखाद्या उसवलेल्या सोफ्यावर पाय वर घेऊन बसायची आणि मामाला कादंबरी वाचून दाखवायची.

वाचायची म्हणजे अगदी स्वतःच्या मर्जीने. "इथे दोन पानं नुसती झाडं आहेत," असं जाहीर करून पानं उलटायची. नायिका रडायला लागली की पुस्तक मांडीवर उपडं ठेवून आधी तिची खरडपट्टी काढायची. "अगं, तो येत नाही तर तू जा ना! पाय मोडलेत का तुझे?" तोंडात छोटे खिळे धरलेले असल्यामुळे मामाला बोलता यायचं नाही. तो नुसता खांदे हलवत हसायचा.

मग मामीच्या गळ्यात गाठ निघाली. गाठ साधीच होती, शस्त्रक्रियाही नीट झाली, पण आवाज बसला तो बसलाच. उरली ती घोगरी कुजबुज. "आवाज येईल, पण पहिल्यासारखा येईलच असं नाही," डॉक्टर म्हणाले. "आणि सध्या अजिबात ताण देऊ नका."

दुकान एकदम सुनं झालं. मामा कामात चुकायला लागला. एकदा तर त्याने कापड उलट्या बाजूने लावलं. ते पाहून माझ्या मामेबहिणीने त्याच्या फोनमध्ये ऐकायची पुस्तकं भरून दिली.

पहिलं पुस्तक त्याने जेमतेम एक प्रकरण ऐकलं.

"काय झालं हो बाबा?" तिने विचारलं.

"हा माणूस वाचत नाही, भाषण ठोकतो. 'तो चहा प्यायला' हेसुद्धा देशावर संकट आल्यासारखं सांगतो."

दुसऱ्या पुस्तकातली बाई नायिकेच्या आधी स्वतःच हुंदके द्यायची. "सगळं रडणं तीच उरकून टाकते," मामा म्हणाला, "मग मी काय करू?" तिसऱ्यात एका तरुणाने म्हातारीचा असा काही आवाज काढला, की दुकानात कोण शिरलं ते बघायला मामी लाटणं घेऊन बाहेर आली. मग बहिणीने एक पॉडकास्ट लावून दिला. त्यात दोन मित्र गाजलेल्या चोऱ्यांच्या गोष्टी सांगायचे आणि एकमेकांच्या विनोदांवर तेच खिदळायचे. मामाला त्यात कुणाच्या तरी घरी न बोलावता जाऊन बसल्यासारखं वाटलं.

एक पुस्तक अर्धं ऐकून झाल्यावर तो चमकला. "अगं, हे तर तू वाचलेलं! तेव्हा मी काम सोडून ऐकत बसलो होतो. आता एवढं कंटाळवाणं कसं झालं?"

मामीला ते ऐकून फार बरं वाटलेलं दिसत होतं.

त्यानंतरच्या एका पुस्तकात वाचणारी ती बाई सापडली. मध्यम, किंचित कोरडा आवाज. वाक्य वाचायची आणि बाजूला व्हायची. संवाद आले तरी सोंगं काढायची नाही, पण कोण बोलतंय ते बरोबर कळायचं. मामाचे हात पुन्हा सरळ चालायला लागले. लेखक कोण, विषय काय, याच्याशी त्याला देणंघेणं उरलं नाही. तिने वाचलंय ना, मग झालं. तिच्या आवाजात त्याने मधमाश्या पाळण्यावरचं एक आख्खं पुस्तक ऐकलं.

"तूपण ऐक की," तो मामीला म्हणाला.

"तुमची बाई, तुम्ही ऐका," मामी कुजबुजली आणि जरा जास्तच जोरात भांडी घासायला लागली.

पण मधलं दार उघडंच होतं. एका दुपारी नळ बंद झाला, भांडी थांबली, आणि मामी पदराला हात पुसत बाहेर आली. सोफ्यावर बसून तिने फोन ओढून घेतला. जंगलाचं वर्णन सुरू झालं तसं अंगठ्याने पुढे सरकवलं.

"अगं, काय करतेस!"

"झाडं होती."

पुढे नायिकेने डोळ्यांना रुमाल लावला. मामीने त्या बाईला मधेच थांबवलं आणि नायिकेला फैलावर घेतलं. मामाला एक शब्द ऐकू येईना. त्याने तोंडातले खिळे काढून ठेवले आणि कान तिच्या तोंडाशी नेला. मग तोच रिवाज पडला.

एकदा दातांचे डॉक्टर आपल्या दवाखान्यातल्या खुर्च्या न्यायला आले. तिजोरी कोणी फोडली, याचं प्रकरण रंगात आलेलं. ते उभ्याउभ्या ऐकता ऐकता नुसत्या स्प्रिंगांच्या खुर्चीवर टेकले. मामीने थांबवून दिवाणजीवर संशय घेतला. "छे हो, मेहुणा!" डॉक्टर ठासून म्हणाले. वाद चांगलाच पेटला. शेवटी दवाखान्यातून फोन आला तेव्हा ते धावत सुटले, खुर्च्या इथेच ठेवून. दुसऱ्या दिवशी न्यायला आले ते नेमके त्याच वेळेला.

बऱ्याच महिन्यांनी मामीचा आवाज परतला. अर्धामुर्धा, मधेच फाटणारा.

"आता वाच की," मामा म्हणाला.

"तुमची बाई किती छान वाचते. माझ्यात काय राहिलंय?"

"छान वाचते, पण शेवटपर्यंत गुन्हेगार कळू देत नाही. तू वाचायचीस तेव्हा सुरुवातीलाच कळायचं."

"कसं?"

"तू शेवट आधी वाचून ठेवायचीस ना? मग तो बोलायला लागला, की तुझा आवाज लाडिक व्हायचा."

मामी बघतच राहिली. "इतकी वर्षं? आणि बोलला नाहीत?"

"बोललो असतो तर सांभाळून वाचलं असतंस."

मामी हसली, आणि हसताना पहिल्यांदा नीट आवाज फुटला. त्याच दुपारी तिने एक पान वाचलं. दोनदा घसा अडला, दोनदा पाणी प्यायली, तिसऱ्यांदा चिडून लेखकालाच बोल लावला.

आता सकाळी ती बाई वाचते आणि दुपारी मामी. बाई वाचत असताना शिलाई मशीन चालू असतं. मामीचा आवाज बारीक, म्हणून ती वाचायला बसली की मामा मशीन बंद करतो. साहजिकच कामं रखडतात. माझी आरामखुर्ची हिवाळ्यापासून तिथेच आहे. परवा विचारायला गेले, तर मामाने ओठांवर बोट ठेवलं आणि माझ्यासाठी स्टूल पुढे सरकवलं.