पोतंभर माती

तार आली तेव्हा मी जेवायला बसलो होतो. बिरू पैलवान धनुर्वातानं गेला, एवढंच पुण्याच्या कॉलेजनं कळवलं होतं. अशा वेळी माणसं रडतात. मला आधी राग आला, आणि काही आठवडे उलटले तरी तो उतरलेला नाही. एका सुईनं टळलं असतं असं मरण या गृहस्थानं हट्टानं ओढवून घेतलं...

आम्ही दोघं सोलापूरच्या शुक्रवार पेठेतल्या एकाच तालमीत वाढलो. बिरूचा बाप सांगोल्याकडचा मेंढपाळ. पोरगा मेंढरांत रमेना म्हणून त्यानं त्याला सोलापूरला मामाकडे धाडला, आणि मामानं तालमीत. अंगानं रेडा आणि हट्टानंही रेडाच. अकलूजच्या जत्रेत कुस्ती रंगात आली असताना त्याची भुवई फुटली, रक्त डोळ्यांत उतरलं. पंच कुस्ती सोडवायला निघाले, तर यानं आखाड्यातली मूठभर माती जखमेत दाबली आणि समोरच्या गड्याला चीत केलं. त्याला फेटा बांधला, खांद्यावर घेऊन मिरवला, आणि त्या दिवसापासून ती माती आमच्या राशीला बसली. हळद, तेल, ताक घालून मुरवलेली तालमीची माती सगळ्या दुखण्यांवर चालते, हे त्याच्या डोक्यात बसलं ते कायमचं. गळू झालं, लाव माती. पाय मुरगळला, लाव माती. माझ्या लग्नात मेहुण्याला विंचू चावला, तर हा मातीची पुडी घेऊन हजर.

पुढे खांदा निखळला आणि कुस्ती सुटली. पुण्याच्या कॉलेजात पोरांना कुस्ती शिकवायला माणूस हवा होता, तेव्हा मीच त्याच्या मागे लागून त्याला गाडीत बसवलं. तिथं त्यांनी झकास गादी घालून दिली होती. यानं ती गुंडाळून ठेवली, पोरांकडून हौद खणून घेतला आणि दर सुट्टीला सोलापूरहून पोतं भरून माती न्यायला लागला. पुण्यात माती नाही का, असं विचारलं तर म्हणे, "हाय की. पन ती पुस्तकं वाचती." प्रिन्सिपॉलसाहेब हौद बघायला बुटांसकट उतरायला निघाले, तर त्यांनाही यानं काठावर थांबवून बूट काढायला लावले. साहेब मुकाट्यानं अनवाणी उतरले, हे ऐकून मी हसत सुटलो होतो. त्याचा अभिमान वाटायचा मला, का नाही वाटणार?

गेल्या सुट्टीत तालमीत पोतं भरताना फावडं पायावर बसलं. मी धावत सात रस्त्याच्या दवाखान्यात गेलो, डॉक्टरांना सुई तयार ठेवायला सांगून टांगा घेऊन आलो, तर पैलवान जखमेत माती भरून, वर चिंधी बांधून आमच्या सोप्यात चहा पीत बसलेले. मी ओरडलो, आर्जवं केली. बायकोनं हात जोडले, "भावजी, माझ्यासाठी तरी चला." तिच्याकडे त्याला बघवेना. मग तो मला म्हणाला, "सदा, ह्या मातीनं मला कदी दगा दिला न्हाय. आज मीच हिच्यावर इश्वास ठिवला न्हाय, तर उद्या पोरांना कुटल्या तोंडानं म्हनू, उतरा हितं?"

यावर माणसानं काय बोलावं? मी पुष्कळ बोललो. पालथ्या घड्यावर पाणी. टांगा होताच दारात, त्यातून तो स्टेशनवर गेला. लंगडत असल्यानं पोतं तेवढं आमच्याकडे ठेवलं. पुढल्या खेपेला नेतो, तोवर वाळू देऊ नकोस, ताक शिंपडत जा, असं जाताना मलाच बजावलं.

पोतं अजून सोप्यातच आहे. बायको रोज म्हणते, "ज्यानं माणूस नेला ते घरात कशाला? टाकून या." तिचं खरं आहे. ओलं पोतं मला उचलवत नाही, वाळून हलकं झालं की टाकतो, असं मी तिला सांगतो. आणि वाळायच्या आत, बिरूला शिव्या घालत, ताकाचा तांब्या घेऊन पुन्हा पोत्यापाशी जाऊन बसतो.