प्लॅस्टिकच्या हिरवळीतलं तण

गवत वाचवण्यासाठी गवतावर विष मारणारा माणूस तुम्ही पाहिला आहे का?

मी पाहिला आहे. तो माझा बाप आहे, आणि मी वाचायला शिकले ती त्याच्याच पत्रकांवर. खाडीत सांडपाणी सोडणाऱ्यांविरुद्ध बाबा लिहायचे, स्वस्त गुलाबी कागदावर छापून आणायचे आणि मी पडवीत बसून घड्या घालायचे. वरच्या अंगाला राहणाऱ्याने खालच्याचं पाणी नासवू नये, एवढंच त्या सगळ्या पत्रकांचं म्हणणं असे.

आमचं घर रत्नागिरीहून पावसला जाणाऱ्या रस्त्याला, उतारावर आहे. गेटापासून पडवीपर्यंत गाडीची वाट, दोन्ही कडांना जांभ्याचे चिरे. पाणी पिणारा दगड तो. मागच्या नाही, त्याच्या आदल्या दिवाळीला बाबांनी त्या कडांवर प्लॅस्टिकची हिरवळ चिकटवून घेतली. कारण काय, तर गणपतीला मुंबईहून आलेला त्यांचा चुलतभाऊ म्हणाला होता की तुमचं गेट अजून गावठीच राहिलंय.

चिकटवणाऱ्याने डिंक असा फासला की पाणी मुरायची भोकंच बुजली. पावसात पट्टीच्या कडा फुगून उचलल्या, त्यावर गाडीचं चाक चढलं की पट्टी फाटायची. मग दुरुस्ती. बाबा कटरने फाटका तुकडा कापून काढायचे आणि खालचं साफ करायचं काम माझं. ते खालचं काय असायचं हे सांगायलाच हवं, कारण फोटोत ते येत नाही. काळा, बुळबुळीत राडा. वाटेवरच्या कुत्र्यांचं मूत मुरून मुरून आंबलेलं. त्यात कुजलेला आंब्याचा पाला, एखादा चपटा झालेला बेडूक, वळवळणाऱ्या गोमा. साबणाने कितीही हात धुतले तरी जेवताना भाताला तोच वास यायचा. मग नवा तुकडा बसवायचा, सांध्याखाली टेप, वर विटांचं वजन, आणि डिंक सुकला की बाबा खराट्याने पाती उभी करायचे. खऱ्या गवताला कुणी विंचरताना मी कधी पाहिलं नाही.

आमच्या खालच्या घरात आत्या राहते, बाबांची धाकटी बहीण. तिच्या अंगणात विहीर आहे आणि ती त्याच विहिरीचं पाणी पिते. आमच्या वाटेवरचं पाणी व्हाळीतून तिच्याकडेच उतरतं. यंदा वैशाखात तिने विहीर उपसून घेतली, तर गाळाच्या घमेल्यात हिरवे धागे निघाले. भाताच्या कोवळ्या रोपांसारखे बारीक, फक्त न कुजणारे. तिने मला बोलावून दाखवले. "बघ गो, तुमचं लॉन माझ्या विहिरीत रुजलं." मी बाबांना सांगितलं. धाग्याने कोणी मरत नाही, फडक्याने गाळून घे म्हणावं तिला, हे त्यांचं उत्तर.

श्रावणात गेटाजवळच्या पट्टीतून खरं गवत वर आलं. बाबांनी लॉनवाल्याला फोनवर फैलावर घेतलं, प्लॅस्टिकमध्ये बी आलंच कसं म्हणून. बी घरातलंच होतं. आईने सणावारी गेटात शेणाचा सडा घालणं काही सोडलं नव्हतं. सडा नाही तर सण कसला, आणि खाली जांभा आहे की प्लॅस्टिक याच्याशी सड्याला काय देणंघेणं? गाईच्या पोटातून आलेलं बी त्या खोट्या पात्यांच्या बुडाशी अडकलं, शेणाचं खत त्याला मिळालंच होतं, आणि ते रुजलं. हे लक्षात आल्यावर आई तोंडाला पदर लावून हसली. "अहो, खरं उगवलंय तर आता खोटं काढा की."

बाबा हसले नाहीत. त्यांनी गवत उपटून पाहिलं, पण मुळं पट्टीखालच्या रबरात गुंतलेली. गवताबरोबर प्लॅस्टिकची पातीही उपटून आली. तेव्हा त्यांनी आंब्यांवर मारायचा फवारणी पंप काढला आणि त्यात तणनाशक कालवलं. गणपतीचे पाहुणे यायच्या आत गेट त्यांना स्वच्छ हवं होतं.

मी वाटेत उभी राहिले. पुढच्या सरीबरोबर हे सगळं आत्याच्या विहिरीत जाणार, मी म्हणाले. ते म्हणाले, औषध आहे ते, बागेत सगळेच मारतात. औषध. दुकानात त्याचं नाव तणनाशक असतं, घरी येईपर्यंत त्याचं औषध होतं. या एका शब्दाची मला शिसारी आली. खाडीत सोडणारेही असलाच काहीतरी सोवळा शब्द वापरायचे ना, असं मी विचारलं. बाबांनी पंपाचा पट्टा खांद्यावर चढवला.

"पत्रकांचं एक वय असतं," ते म्हणाले. "तुझंही जाईल."

त्या राड्याचा वास मी सहन केला होता. हे वाक्य मला अजून गिळता आलेलं नाही.

आवाज ऐकून आत्या वर आली होती. तिने आधी पंपाकडे पाहिलं, मग भावाकडे. रोज संध्याकाळी बाबा तिच्याकडे चहाला जातात.

"दादा, मार तू," ती म्हणाली. "फक्त उद्यापासून चहाला येऊ नको. पाणी तेच असतं."

बाबांनी पंप उतरवला. ओतून टाकला नाही. भरलेलाच पडवीच्या कोपऱ्यात ठेवला. पाऊस उघडला की बघू, म्हणाले, आणि त्या संध्याकाळी ते चहाला गेले नाहीत.

त्या दिवसापासून आत्या विहिरीचं पाणी पीत नाही. नळाला येतं तेवढं भरून ठेवते आणि पुरवून पुरवून वापरते. अजून मारलेलं नाही गं, मी तिला म्हणाले. तिने माझ्याकडे पाहिलंसुद्धा नाही. "मारल्यावर तो मला सांगायला येणार आहे का?"

आता पाहुणे येतील. कदाचित तुम्हीही अशाच एखाद्या घरी जाल आणि गेटात हिरवीगार पट्टी दिसेल. तिचं कौतुक करू नका, तिच्यासमोर फोटो काढू नका. उतार उतरून खालच्या घरी जा आणि विहिरीचं पाणी मागा. घरच्या बाईने विहिरीचं न देता नळाचं दिलं, तर तो पेला तसाच हातात घेऊन वर या, आणि ती असं का करते ते यजमानाला सगळ्या पाहुण्यांसमोर विचारा.