उंदरांचं बेरियम आणि भाऊंची फिल्म

सिंदीला आमचं कापडाचं दुकान. आई पाहुण्यांना सांगायची, "पोरगी वर्ध्याले डॉक्टरीचं कायतरी करते." ते कायतरी म्हणजे उंदरांना एनिमा देणं. नव्वदच्या दशकाच्या अखेरीस मी पीएचडीसाठी तेच करत होते, आणि स्थळ आणणाऱ्यांना सांगण्यासारखं ते नव्हतंच म्हणा.

औषध टोचून उंदरांच्या मोठ्या आतड्यात कॅन्सरच्या गाठी उठवायच्या. बाकीचे लोक उंदीर कापून गाठी पाहत. माझा हट्ट असा, की उंदीर जिवंत ठेवायचा आणि त्याच उंदराची गाठ वाढताना एक्स-रेत पाहायची. दुपारी दवाखान्याची ओपीडी आटोपली, की एक्स-रे काढणारे भाऊ दार लावून घेत. गुंगी दिलेल्या उंदराला मी मागून बारक्या नळीनं बेरियम, म्हणजे एक्स-रेत पांढरं उमटणारं पातळ औषध, सोडायची. भाऊ त्याचे पाय चिकटपट्टीनं ताणून बसवत, आणि सवयीनं त्यालाही सांगत, "सास रोकजो!"

पांढऱ्या बेरियममध्ये काळा डाग दिसला, की गाठ. पहिला डाग दिसला तेव्हा मी सगळ्यांना आलुबोंडे वाटले. मग माझ्या गाइडनी खात्रीसाठी उंदीर कापला. आत काय, तर लेंडी! उपाशी ठेवलं तर हे मेले आपल्याच लेंड्या खायचे, पोट रिकामं व्हायचंच नाही. तेव्हापासून आम्ही पोट साफ करून दुसरी फिल्म काढू लागलो. डाग हलला तर लेंडी, तिथंच राहिला तर गाठ.

एकदा भाऊंनी उजेडाच्या डब्यावर भलीमोठी फिल्म लावली.

"ही कुठली घूस पकडली?" मी विचारलं.

"मीच आहो," भाऊ म्हणाले. "संडासातून रक्त पडून राह्यलं होतं, म्हणून काढली. डॉक्टर म्हणते पोट साफ नव्हतं, पुन्हा काढा. तुमी सांगा ना, लेंडी हाय का गाठ?"

डाव्या बाजूला काळा डाग.

"लेंडीच असंल," मी म्हटलं. "रोज तर्रीपोहे हाणता, दुसरं काय निघणार?"

घरी आल्यावर देवापुढे हात जोडून मी चक्क गू मागितला. हसू नका, अगदी मनापासून मागितला.

पोट साफ करून दुसरी फिल्म निघाली. भाऊंनी ती स्वतःच लावली. डाग तिथंच, जसाच्या तसा. मला रडूच फुटलं. रागही आला, त्या फिल्मचा, मशीनचा, सगळ्याचाच.

भाऊ म्हणाले, "मॅडम, उंदराची अशी पक्की दिसली की तुमी टाळ्या पिटता. माह्यी पाहून काऊन रडून राह्यल्या?"

"उंदराची आपण वाढाले ठेवतो, भाऊ," मी त्यांचा हात धरून ओढला. "तुमची मले वाढताना पाहाची नाई. उठा, सर्जरीत चला."

ते चपला शोधायला लागले. मी त्यांना तसंच अनवाणी नेलं.